घोडा रस्त्यावर नव्हे, तबेल्यात हरला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अग्निशमन सेवा सप्ताहाच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईच्या आगीच्या बंबांविषयी आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. जुन्या यंत्रांवर मराठीत इतक्या आपुलकीने फारसे कोणी लिहीत नाही, त्याबद्दल लेखकाचे अभिनंदन. मात्र घोडे जाऊन मोटारी का आल्या, याची जी कारणे लेखात दिली आहेत ती मला पटली नाहीत. घोड्यांचे बंब फार संथ होते म्हणून मोटारी आल्या आणि इंग्रज सरकारने मुंबईला त्या उशिरा दिल्या, अशी दोन विधाने लेखात आहेत. शिवाय छायाचित्राखालील ओळ चुकीची आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षे इंजिने शिकवली. त्यामुळे या विषयाचे वेड आहे आणि पत्र थोडे लांबणार आहे, याची आधीच क्षमा मागतो.

आधी ‘बंब’ या शब्दाविषयी. हा शब्द पंप या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आला असे मानले जाते. मुंबईकर अग्निशमन केंद्राला अजूनही ‘बंबखाना’ म्हणतात. ज्यांचे बालपण जुन्या घरांत गेले त्यांना मात्र बंब म्हटले की आंघोळीचे पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब आठवतो: मधून जाणारी नळी, तळाशी निखारे आणि सभोवती पाणी. वाफेवर चालणाऱ्या आगीच्या बंबाचा बॉयलर दिसायला आणि तत्त्वालाही याच बंबाचा थोरला भाऊ होता. उभे नळकांडे, तळाशी भट्टी, वर धुराडे आणि पाण्यातून आरपार जाणाऱ्या अनेक बारीक नळ्या, अशी त्याची रचना असे. नळ्या अनेक ठेवण्याचे कारण असे की, तापणारा पृष्ठभाग वाढला की वाफ लवकर धरते. घरच्या बंबाला पाणी तापवायला अर्धा तास लागला तरी कोणाचे काही बिघडत नसे. आगीच्या बंबाला तेवढी सवलत नव्हती.

लेखात ‘घोड्यांचा बंब’ आणि ‘यंत्राचा बंब’ असे दोन भाग पाडले आहेत, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. घोडे बंब ओढत, पाणी फेकत नसत. पाणी फेकण्याचे काम त्याआधी माणसांच्या हातांनी आणि नंतर वाफेने होई. हातपंपाच्या दोन्ही बाजूंना लांब दांडे असत आणि मोठ्या पंपावर वीस-पंचवीस माणसे एकदम लागत. लंडनमध्ये तर रस्त्यावरच्या बघ्यांना पैसे आणि बिअर देऊन दांड्याला लावले जाई आणि बिअर संपली की पंपाचा जोरही ओसरे, असे गमतीने सांगतात. ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ मध्येच लंडनमध्ये वाफेचा बंब तयार केला होता, पण त्याला आश्रय मिळाला नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराने १८५३ मध्ये वाफेचा बंब, तो ओढणारे घोडे आणि पगारी जवान अशी नवी घडी बसवली, तेव्हा वाफेचे दिवस आले. म्हणजे शहरी आगीच्या कामात घोडा आणि वाफ ही जोडी एकत्र आली, आणि पुढे पेट्रोलला या दोघांचीही जागा घ्यायची होती. एकट्या घोड्याची जागा घेणे त्या मानाने सोपे होते.

आता वेगाचा मुद्दा. ज्यांना घोड्यांचे बंब संथ वाटतात, त्यांनी बंबखान्यातील पहिल्या मिनिटाचा विचार करावा. घंटा वाजली की ठाणबंदाची साखळी आपोआप सुटे. शिकवून तयार केलेले घोडे स्वतःहून बाहेर येऊन बंबाच्या दांडीपाशी आपापल्या जागी उभे राहत. साज अंगावर चढवण्यात वेळ जाऊ नये म्हणून तो छताला टांगलेला असे. दोरी सोडली की तो घोड्याच्या पाठीवर उतरे, गळपट्ट्याची कडी खटकन बसे आणि लगाम जोडले की गाडी बाहेर. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज हेल या अधिकाऱ्याने या झटपट साजात मोठी सुधारणा केली आणि १८९३ मध्ये लंडनला जाऊन त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. सरावलेल्या पथकाला हे सारे एका मिनिटाच्या आत जमत असे. दरम्यान भट्टीत घातलेली लाकडाची ढलपी पेटवली जाई. कित्येक बंबखान्यांत बॉयलरमधले पाणी इमारतीतल्या दुसऱ्या एका तापकाला जोडून सतत ऊन ठेवलेले असे आणि गाडी हलताच ती जोडनळी सुटून येई. थंड पाण्यापासून कामाची वाफ धरायला आठ-दहा मिनिटे लागत, पण ऊन पाणी आणि वाटेतला वाऱ्याचा झोत यांमुळे आगीच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत दट्ट्या हलवण्याइतकी वाफ तयार असे. धुराड्यातून ठिणग्या उडवत जाणारे हे बंब पाहून लोक जे थबकत, ते उगाच नव्हे.

या रचनेत घोडा हा असा भाग होता जो हाक मारताच निघत असे. वाफेला वेळ हवा होता आणि तो वेळ घोडा रस्त्यात मिळवून देत होता. हे लक्षात घेतले म्हणजे एका फसलेल्या प्रयोगाचे कारण उलगडते. ग्रीनिच येथील मेरीवेदर या प्रसिद्ध कंपनीने १८९९ च्या सुमारास ‘फायर किंग’ नावाचा स्वतःच्या वाफेवर धावणारा बंब काढला. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, अमेरिकेतील हार्टफर्ड शहराने ‘जंबो’ नावाचा असाच अवजड बंब घेतला होता. घोडे नकोत, चंदी नको, तबेला नको, सगळे उत्तम. पण बंबखान्याच्या दारातून बाहेर पडण्यासाठीच वाफ हवी असल्यामुळे तो कायम पेटता किंवा निदान चांगला तापलेला ठेवणे भाग होते. जे काम घोडा चार पावलांत करी, त्यासाठी या यंत्राला अहोरात्र कोळसा खावा लागे. असे बंब थोडे विकले गेले, परंतु घोड्यांची पागा त्यांच्यामुळे रिकामी झाली नाही.

मग घोडा हरला कुठे? माझ्या मते रस्त्यावर नव्हे, तबेल्यात हरला. आग महिन्यातून चारदा लागो वा चाळीसदा, घोड्याला रोज दाणापाणी लागते. खरारा, नाल, वैद्य, मोतद्दार, रोजचा व्यायाम आणि आजारी पडणाऱ्यासाठी राखीव घोडा, हा खर्च घंटा वाजली नाही तरी थांबत नाही. लंडनच्या अग्निशमन दलाने यातून वेगळाच मार्ग काढला होता. दल स्वतः घोडे बाळगत नसे, ते टॉमस टिलिंग या भाड्याने घोडे पुरवणाऱ्या व्यावसायिकाकडून घेई. आजच्या भाषेत याला कंत्राटी घोडे म्हणावे लागेल. गंमत अशी की, टिलिंगच्या पेढीने पुढे स्वतःच मोटार बसगाड्या चालवल्या आणि बनवल्याही, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिच्या घोड्यांच्या बसगाड्या रस्त्यावरून गेल्या. घोडे पुरवणाराच मोटारीकडे वळला, तेव्हा बंबांचा घोडा किती दिवस टिकणार होता?

घोड्याच्या परावलंबनाचा सर्वांत कटू धडा बोस्टनने घेतला होता. १८७२ च्या शरद ऋतूत कॅनडापासून सुरू झालेली घोड्यांची तापाची साथ अमेरिकेभर पसरली आणि वाहतूक अक्षरशः बसली. ९ नोव्हेंबर १८७२ च्या संध्याकाळी बोस्टनच्या व्यापारी भागात आग लागली तेव्हा अग्निशमन दलाचे घोडे उभे राहण्याच्याही स्थितीत नव्हते. जवानांनी आणि नागरिकांनी वाफेचे बंब दोरांनी ओढत नेले. सुमारे ६५ एकरांतील ७७६ इमारती जळाल्या. प्रामाणिकपणे सांगायचे तर नंतरच्या चौकशीत असे आढळले की माणसांनी बंब ओढल्यामुळे झालेला उशीर काही मिनिटांचाच होता. दलप्रमुख डॅमरेल यांनी साथ पाहून आधीच जादा माणसे नेमली होती. अपुरा पाणीपुरवठा, अरुंद गल्ल्या आणि लाकडी मॅन्सार्ड (दुहेरी उताराची) छपरे हे खरे दोषी होते. तरीही रोगाने आजारी न पडणाऱ्या यंत्राची गरज त्या रात्रीनंतर कोणाला पटवून द्यावी लागली नसेल.

पेट्रोलच्या इंजिनाने घोड्याचा जो गुण हिरावून घेतला तो वेग नव्हे, तत्परता. हँडल मारले की इंजिन सुरू आणि काम नसेल तेव्हा त्याला घासभरही लागत नाही. त्यातही खरी युक्ती होती ती एकाच इंजिनाकडून दोन कामे घेण्याची: आधी गाडी धाववायची आणि आगीपाशी पोहोचल्यावर चाकांचा संबंध तोडून तीच शक्ती पंपाला द्यायची. लंडनच्या उत्तरेकडील फिंचलीसाठी मेरीवेदर कंपनीने १९०४ मध्ये असा बंब बांधला आणि तो आजही लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. डब्लिनला १९०९ मध्ये लेलँड कंपनीचा मोटार बंब मिळाला. पुढे आपल्याकडे ट्रक आणि बसगाड्यांमुळे परिचित झालेल्या या कंपनीचा तो पहिला आगीचा बंब. अमेरिकेत वॉटरस कंपनी १९०६-०७ पासून या कामात होती आणि १९११ पर्यंत सिनसिनाटीची आहरेन्स-फॉक्स आणि न्यूयॉर्क राज्यातील अमेरिकन लाफ्रान्स याही मैदानात उतरल्या.

पण इंजिन शिकवणारा माणूस म्हणून मला मोटारीवरचा त्या काळातला अविश्वासही रास्त वाटतो. रस्त्यावरची मोटार धावते तेव्हा समोरून येणारा वारा तिचा रेडिएटर थंड ठेवतो. बंब मात्र एका जागी उभा राहून तासन् तास पूर्ण ताकदीने चालवावा लागतो आणि तोही आगीच्या झळीत. असा अत्याचार सोसणे हे त्या वेळच्या इंजिनांचे काम नव्हते. पंपातलेच थोडे पाणी इंजिन थंड करण्यासाठी फिरवण्याची व्यवस्था पुढे सर्रास झाली, तेव्हा कुठे तासन् तास उभे राहून पाणी मारणे इंजिनाच्या आवाक्यात आले. वाफेच्या पंपाला ही अडचणच नव्हती. त्याला कोळसा घालत राहिले की तो रात्रभर इमाने इतबारे पाणी फेकत राही. त्याशिवाय साखळीने फिरणारी मागची चाके, भरीव रबरी टायर, फक्त मागच्या चाकांना ब्रेक आणि ओल्या दगडी रस्त्यावर घसरण, हे सगळे होतेच. घोडा घसरला तर उठतो, गाडी घसरली तर भिंतीवर जाते, हे म्हणणारा जुना सारथी काही अडाणी नव्हता.

म्हणून बहुतेक शहरांनी घोडा आणि वाफ यांना एकदम निरोप दिला नाही. आधी पाणी मारायच्या लवचिक नळ्या वाहणाऱ्या हलक्या गाड्या मोटारीच्या झाल्या. न्यूयॉर्कने १९०९ मध्ये अशी पहिली मोटार नळीगाडी घेतली, तर मोटार पंप १९११ मध्ये आला. ज्यांच्याकडे उत्तम स्थितीतले वाफेचे बंब होते, त्यांनी ते भंगारात काढण्याऐवजी आणखी एक तोडगा शोधला, आणि तो मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मजेदार वाटतो. वॉल्टर क्रिस्टी या अभियंत्याने पुढच्या चाकांनी ओढणारे दोनचाकी मोटार यंत्र तयार केले. जुन्या बंबाची पुढची चाके आणि घोड्यांची दांडी काढायची आणि तिथे हे यंत्र बसवायचे. म्हणजे पुढे पेट्रोलचा घोडा, मागे तीच जुनी वाफ आणि तेच धुराडे. अशी सुमारे ६०० यंत्रे विकली गेली. आपल्याकडे जुन्या बैलगाडीच्या साट्याला ट्रॅक्टर जोडतात, त्यातलाच हा प्रकार. जे चांगले चालते आहे ते फेकू नये आणि जे अडते आहे तेवढेच बदलावे, हा कारागिराचा हिशेब त्यामागे होता. घोडा आधी गेला आणि वाफ नंतर गेली, हे या क्रिस्टी-गाड्यांवरून स्पष्ट दिसते. आपल्या लेखात दोन्ही एकाच वाक्यात निकालात काढले आहेत.

आता मुंबईकडे येतो. मुंबईत आगीशी लढण्याचे काम १८५५ पासून पोलिसांकडे, तेही जोडकाम म्हणून होते. १ एप्रिल १८८७ रोजी घोड्यांनी ओढायचा वाफेचा बंब आला, पूर्णवेळ अधिकारी आणि जवान नेमले गेले आणि दल महापालिकेच्या अखत्यारीत आले. पुढच्याच वर्षीच्या महापालिका कायद्याने आगीपासून संरक्षण ही पालिकेची जबाबदारी ठरली. १८९० पर्यंत सहा केंद्रे उभी राहिली. पहिला मोटार बंब १९०७ मध्ये दाखल झाला आणि १९२० पर्यंत घोड्यांचे सर्व बंब जाऊन त्यांच्या जागी मोटारी आल्या, अशी दलाच्या इतिहासात नोंद आहे. या तारखा इतर शहरांशी ताडून पाहाव्यात. लंडनमध्ये घोड्यांचा शेवटचा बंब केन्सिंग्टन केंद्रातून २५ नोव्हेंबर १९२१ रोजी निवृत्त झाला. डेट्रॉइटमध्ये, म्हणजे मोटारींच्या माहेरघरातच, घोड्यांची शेवटची धाव १० एप्रिल १९२२ रोजी झाली. न्यूयॉर्कमध्ये ती २० डिसेंबर १९२२ रोजी आणि शिकागोत ५ फेब्रुवारी १९२३ रोजी झाली. मग मुंबईला मोटारी उशिरा मिळाल्या, हे विधान कशाच्या आधारावर केले गेले? ज्या लंडनकडून आपण यंत्रे आणि अधिकारी आणले, त्या लंडनच्याही आधी मुंबईची पागा रिकामी झाली होती.

यावर लगेच कॉलर ताठ करण्याचे कारण नाही, कारण मुंबईला बदलायचे बंब थोडे होते आणि लंडन-न्यूयॉर्कला पुष्कळ. शिवाय मुंबई शहरच त्या वर्षांत घोड्यांपासून सुटत होते. १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या तेव्हा कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते असे सांगतात. १९०५ मध्ये ती सेवा संपली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. पहिला मोटार बंब त्याच वर्षीचा, हे लक्षात घ्यावे. एकदा शहरातील घोड्यांचा मोठा व्यवहार आटला की दाणा, नालबंद, पशुवैद्य, बदली घोडा या साऱ्यांची सोय बंबखान्यापुरती टिकवणे अधिकाधिक महाग पडणार, हे उघड आहे. शिवाय कुलाब्यापासून गिरणगावापर्यंत आणि पुढे माहीमपर्यंत पसरलेल्या लांबट शहरात अंतराचा प्रश्नही होताच. घोडा पहिल्या मैलाला मोटारीशी बरोबरी करील, तिसऱ्या मैलाला त्याचा ऊर फुटेल. एक आग विझवून लगेच दुसऱ्या आगीवर जायचे असेल तर त्या दमलेल्या घोड्याला नेणे कठीणच. माझ्या मते मुंबईच्या उकाड्यात हा फरक थंड देशांतल्यापेक्षा लवकर जाणवला असणार, पण हा माझा तर्क आहे.

डेट्रॉइटची शेवटची धाव पाहायला सुमारे ५०,००० लोक वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जमले होते आणि त्या पाच घोड्यांची नावे, पीट, जिम, टॉम, बेब आणि रस्टी, अजूनही लिहिली जातात. लंडनच्या शेवटच्या जोडीचीही नावे, लूसी आणि नोरा, नोंदलेली आहेत. न्यूयॉर्कची शेवटची धाव तर ठरवूनच झाली. ब्रुकलिनमध्ये बरो हॉलपाशी आगीची सूचना देणारी कळ दाबली गेली, २०५ क्रमांकाच्या तुकडीचे घोडे शेवटचे धावत आले आणि परत गेल्यावर त्यांची जागा मोटार बंबाने घेतली. मुंबईच्या एकाही बंबाच्या घोड्याचे नाव मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाचे आजोबा-पणजोबा भायखळ्याच्या किंवा अन्य बंबखान्यात मोतद्दार, सारथी किंवा भट्टीवाले असतील आणि घरात एखादे छायाचित्र, पगारपत्रक किंवा निव्वळ आठवण उरली असेल, तर ती आपण मागवावी आणि छापावी, ही विनंती.

शेवटी छायाचित्राखालच्या ओळीविषयी. तिथे ‘घोड्यांनी ओढायचा हातपंप’ असे छापले आहे. चित्रात सारथ्याच्या मागे उभे नळकांडे स्पष्ट दिसते, त्याच्या डोक्यावर रुंद तोंडाचे धुराडे आहे आणि पितळी पंप त्याच्या पुढच्या अंगाला आहे. हातपंपाला लागणारे लांब दांडे मात्र कुठेच नाहीत. तो वाफेचा बंब आहे. पुढील अंकात एवढी दुरुस्ती आपण कृपया छापावी.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्र-शिक्षक, ठाणे